आबाजींच्या अॅटलासले रुंद टायर टाकाचा हाय, २९ चा टायर २८ च्या रिंगवर काऊन बसून नाई राहिला?

पांदनवाट (आर्वी तालुका)

नमस्कार मंडळी. माह्या आबाजींची जुनी अॅटलास सायकल हाय, चोवीस इंची, दांडीची, रॉड ब्रेकवाली. बाबा लहान असतानी आबाजी त्याइले याच दांडीवर बसवून आर्वीच्या बाजारात नेत, मागं कॅरियरवर सरकीचं पोतं. आबाजी गेल्यावर ते गोठ्यात टांगून होती, मागच्या दिवाळीत मी खाली काढली, दोन्ही हब खोलले, नवे छर्रे टाकले, ग्रीस भरलं, नवी चेन टाकली आणि गाडी अशी चालते का बाप्पा, हँडल सोडलं तरी सरळ जाते. फ्रेमले कुठंच सड नाई.

आता अडचण अशी का माह्यं वावर घरापासून चार किलोमीटर हाय, त्यातला दीड किलोमीटर पांदन रस्ता. अर्ध्यात गिट्टी उघडी पडली, नाल्याजवळ रेती हाय, तिथं पुढचं चाक रुतते आणि हँडल एकदम वळते. घरी येईपर्यंत मनगटं दुखतात. म्हणून वाटलं का रुंद टायर टाकाव. तालुक्याच्या एका दुकानात गेलो, त्यानं सांगितलं २८ मध्ये रुंद येत नाई, २९ चा माउंटन सायकलचा घेऊन जा, एकच इंच मोठा हाय, ढिला बसला तर ट्यूब भरली का घट्ट होते. मी २९ बाय २.१० चा घेऊन आलो. पण इथं उलटच झालं, तो ढिला नाई तर लहान पडला! एक बाजू कशीबशी चढवली, दुसरी चढेच ना, दोन चमचे आणि एक पाना लावून तासभर झटलो, ट्यूब दोन ठिकाणी चावली गेली. आता दुकानदार वापस घ्याले तयार नाई.

मले दोनतीन गोष्टी समजून घ्याच्या हायेत. २९ हा २८ पेक्षा लहान कसा काय? माह्या फ्रेममधी जास्तीत जास्त किती रुंद टायर बसन? आणि रिंग बदलली तर ब्रेकचं काय? एक दोस्त म्हणते डिस्क ब्रेकची पट्टी वेल्ड करून देतो, पण फ्रेमले कापणं आणि वेल्डिंग करणं मले जीवावर येते. आबाजींची वस्तू हाय, उद्या वाटलं तर जशी होती तशी करता आली पाह्यजे.

तारा_ताणणारा (दारव्हा)

भाऊ, वेल्डिंग नाई म्हणालास ते लय चांगलं केलं. मी बापाच्या काळापासून हेच काम करतो, दुकानात रोज हाच घोळ येते म्हणून जरा लांबलचक लिहितो.

पह्यले इंच डोक्यातून काढून टाक. आपल्याकडं बावीस, चोवीस म्हणतात तो फ्रेमचा नंबर हाय, सीटखालच्या नळीची लांबी. चाक बावीसच्या आणि चोवीसच्या दोन्ही सायकलीले २८ बाय दीडचंच राह्यते. आता टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात पाय, दोन आकडे मधात रेघ असे छापलेले असतात. तुह्या जुन्या टायरवर ४०-६३५ असन. पह्यला आकडा टायरची रुंदी, दुसरा म्हणजे टायरची तार रिंगवर जिथं बसते त्या गोलाचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमधी. टायर बसणार का नाई हे फक्त दुसरा आकडा सांगते. तू आणलेल्या २९ वर पायजो, ६२२ लिहिलेलं असन. म्हणजे २९ चा टायर आपल्या २८ पेक्षा १३ मिलिमीटरनं लहान. रबर ताणते पण टायरच्या काठात स्टीलची तार हाय, ते ताणत नाई, म्हणून तू रात्रभर झटला असता तरी चढला नसता.

मंग त्याले २९ काऊन म्हणतात, तर त्या रिंगवर दोन इंच जाड टायर चढवला का बाहेरून बाहेर माप २९ इंचाजवळ जाते. नाव बाहेरच्या मापाचं, बसणं आतल्या मापाचं. रेसिंगच्या आणि हायब्रिडच्या सायकलीले ७०० सी म्हणतात तेही ६२२ च हाय. आणि काही टायरवर २८ बाय १.६० असं लिहिलं राह्यते, गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन जाते का आपला २८ भेटला, पण तोही ४२-६२२ असते, आपल्या रिंगवर चढत नाई. २७.५ म्हणजे ५८४. सव्वीसमधी तर अजून गंमत हाय, माउंटनचा सव्वीस ५५९ आणि २६ बाय १ ३/८ चा ५९०. म्हणून दुकानात इंच सांगूच नको, दुसरा आकडा सांग.

आता ब्रेक. तुह्या रॉड ब्रेकमधी लिव्हर दाबला का घोड्याच्या रिकिबीसारखी पट्टी वर ओढल्या जाते आणि रबर रिंगच्या आतल्या बाजूले, चाकाच्या तारांच्या (स्पोकच्या) दोन्हीकडं लागते. जुन्या रिंगले तिथं मुद्दाम सपाट जागा केलेली हाय. नव्या अॅल्युमिनिअमच्या रिंगले तशी जागा नसते, तिथं निमुळती होते आणि ब्रेक लागाची जागा बाजूनं दिलेली राह्यते. म्हणजे रिंग बदलली का त्या चाकाचा रॉड ब्रेक गेला असंच समज. टायर घ्याच्या आधी ब्रेक ठरव, हे मी प्रत्येकाले सांगतो, आणि निम्मे लोक टायर घेऊनच येतात.

तुह्याकडून मले चार मापं पाह्यजेत. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या तारा मोजून सांग. पुढं चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) आतून आतून, जिथं एक्सल बसते तिथलं अंतर. मागं तेच. आणि मागच्या दोन नळ्यांमधली जागा, पण ते कुठंही मोजू नको. एका सुतळीले एक्सलच्या मधोमध बांधून ३५३ मिलिमीटरवर गाठ मार, ते गाठ क्रँककडं, म्हणजे पायडल लागतात तिकडं, फिरव, ज्या ठिकाणी येईल तिथं दोन नळ्यांत किती जागा हाय ते घे. ६२२ च्या रिंगवर ४२ चा टायर चढवला का त्याचा बाहेरचा काठ तिथंच येते. रिंगचा निम्मा ३११, त्यात टायरचे ४२.

शाळेच्या_वाटेवर (मेहकर)

दादा, तुमचं वाचून राहवलं नाही. मी शिक्षिका आहे, माझ्या बाबांची अशीच जुनी सायकल मी दोन वर्षांपूर्वी बदलून घेतली, पण मी २७.५ म्हणजे ५८४ ची चाकं टाकली आणि ४७ चे टायर. कोरड्यात खूप सुंदर चालते, खडीवर मऊ लागते, हवा ३५ पीएसआयच्या आसपास ठेवते. पण दोन गोष्टी मला आधी कोणी सांगितल्या नाहीत त्या तुम्हाला सांगते.

पहिली म्हणजे सायकल खाली बसते. जुन्या चाकाचा निम्मा टायरसकट ३५७ च्या आसपास होता, माझा आता ३३९ आहे, म्हणजे क्रँक जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर खाली आली. डांबरी रस्त्यावर काहीच कळत नाही, पण बंडीच्या चाकोरीतून जाताना मधला उंचवटा पायडलला लागतो, आणि धुऱ्यावरून उतरताना एकदा पायडल असं जोरात आदळलं की मी पडता पडता वाचले. आता चाकोरीत पायडल आडवं धरून बसते.

दुसरी गोष्ट काळी माती. तुम्हाला काय सांगायची, तुम्ही त्याच मातीतले. पण रुंद टायर ती जास्त उचलतो. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला आणि मी शाळेतून कच्च्या वाटेनं आले तर दोनशे पावलांत मागचं चाक फिरायचं बंद, मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये माती गच्च, काडीनं खरवडून काढली तरी पुन्हा तेच. जुना चाळीसचा टायर असताना मडगार्डात जागा होती. म्हणून कोरड्यात बसतो तेवढा रुंद टायर घेऊ नका, प्रत्येक बाजूला बोटभर जागा राहील असाच घ्या. मी आता जूनमध्ये मडगार्ड काढून ठेवते आणि दिवाळीला परत लावते. कपडे भरतात पण सायकल चालते.

बाकी अॅल्युमिनिअमच्या रिंगेचा ब्रेक पावसात लागतो हे मात्र मनापासून सांगते. बाबांच्या क्रोमच्या रिंगेवर पाणी पडलं की रबर नुसतं घसरायचं, शाळेपुढच्या उतारावर मला रोज भीती वाटायची. ती भीती गेली.

पांदनवाट

ताई, दादा, दोघांचे लय आभार. ताई, पायडलचं मी डोक्यातही आणलं नव्हतं, आमच्या पांदनीत चाकोऱ्या खोल हायेत म्हणून ५८४ तर बादच.

आज दुपारी मापं घेतली. तारा पुढं ३२, मागं ४०, दोनदा मोजल्या कारण वेगवेगळ्या निघाल्या म्हणून वाटलं चुकलं. चिमट्यात आतून आतून ९३ मिलिमीटर, मागं ११२. गाठ मारून पाह्यलं तर मागच्या नळ्यांत ५५ मिलिमीटर जागा हाय, आणि पुढं चिमट्यात वर ५८. चिमट्याच्या माथ्यावर मडगार्डचा बोल्ट येते तिथं आरपार भोक हाय.

संत्र्याचा_बगीचा (वरुड)

डिस्कचं थोडं सांगतो कारण आमच्या गावात एकानं केलं होतं. ब्रेक दाबला का सगळा जोर चिमट्याच्या डाव्या पायाच्या खालच्या टोकाले येते, आणि हे जुने चिमटे तशा जोरासाठी बनलेलेच नाईत, खाली जाता जाता बारीक होतात. वेल्डिंगनं तिथलं लोखंडही नरम पडते. त्याचा चिमटा दोन महिन्यात एका बाजूनं मागं वाकला, चाक वाकडं दिसू लागलं. नशीब उतारावर मोडला नाई. तुम्ही नाई म्हणाले ते बरोबरच केलं, दोस्ताले पण हे दाखवजा.

तारा_ताणणारा (दारव्हा)

भाऊ, तारा बरोबर मोजल्या. पुढं बत्तीस, मागं चाळीस हाच या सायकलीचा जुना हिशेब हाय, इंग्रजांच्या रोडस्टरपासून चालत आलेला, मागं वजन जास्त म्हणून तारा जास्त. आणि यातच तुह्या कामाचं उत्तर हाय.

मागं चाळीस भोकांची ६२२ ची नवी रिंग तुले सहजी भेटणार नाई, आजच्या अशा रिंगा बहुतेक ३२ नाई तर ३६ च्या. म्हणजे मागं रिंगसोबत हबही बदला लागते. आता माउंटन सायकलचं मागचं हब १३५ मिलिमीटर रुंद असते आणि तुही जागा ११२. स्टीलची फ्रेम हाय, फाकवता येते, पण २३ मिलिमीटर फाकवणं म्हणजे दोन्ही बाजूच्या पट्ट्या तिरप्या होतात, एक्सल वाकते, चेन सरळ रेषेत राह्यत नाई. ते करू नको. करायचंच झालं तर बीएमएक्सचं (कसरतीच्या छोट्या सायकलचं) मागचं हब घेजो, ते ११० चं राह्यते आणि आपलं साधं फ्रीव्हील (मागची दात्यांची चकती) त्यावर तसंच चढते, आटे एकच हायेत. पण ते पुढचं.

पुढं मात्र तुहं जुनं हब ३२ चं हाय आणि ३२ भोकांची ६२२ ची रिंग सहज भेटते! जुनं हब तसंच ठेवाचं, त्यात तू नवे छर्रे टाकलेच हायेस, फक्त रिंग, तारा आणि टायर नवे. नवीन हब घेतलं असतं तर त्याची रुंदी १०० आणि एक्सल जाड, चिमट्याच्या खाचा कानशीनं घासाव्या लागल्या असत्या. जुन्या हबनं ते सगळं वाचते, चिमट्याले हात लावाचं काम नाई, आणि तुले पाह्यजे तसं उद्या जुनं चाक परत टाकलं का आबाजींची गाडी जशीच्या तशी.

म्हणून माह्या मतानं आत्ता फक्त पुढचं चाक बदल. रेतीत पुढचंच चाक रुतते, मनगटाले धक्का पुढूनच येते, आणि ब्रेकचा खरा जोर पुढंच लागते. मागं जुनं चाक, जुना रॉड ब्रेक चालू दे. दोन्ही रॉड वेगळे हायेत, एक काढला तर दुसऱ्याले काही होत नाई. चाकांच्या उंचीत फरक जेमतेम चारपाच मिलिमीटर पडते, चालवताना कळणारही नाई.

टायर ४२-६२२ घे. तुह्या चिमट्यात ५८ जागा हाय, प्रत्येक बाजूनं ८ राह्यली. ४७ पण बसन, तिथं साडेपाच राह्यते, पण ताईनं मातीचं सांगितलं ते सोन्यासारखं हाय, ४२ वरच थांब. तू आणलेला २.१० चा टायर ५३ च्या आसपास भरन, अडीच मिलिमीटर राह्यली तर पह्यल्या चिखलात चाक जाम. तो कोणाच्या माउंटन सायकलले देऊन टाक.

ब्रेकसाठी लांब हाताचा कॅलिपर (दोन हातांनी रिंग बाजूनं दाबणारा केबलचा ब्रेक) घे, मडगार्डच्या त्याच भोकातून बसते, मडगार्ड त्याच बोल्टवर येते. त्या भोकाच्या मधापासून रिंगच्या ब्रेक लागाच्या जागेपर्यंत सरळ माप घे, ८० च्या आसपास निघन, आणि कॅलिपरचा हात तेवढा पुरतो का ते दुकानात पट्टी लावून पाय, लहान हाताचा घेतला तर रबर टायरले घासन आणि टायर फाटन. हँडलवरचा त्या बाजूचा रॉडचा लिव्हर स्क्रू काढून सोड, जपून ठेव. केबलचा साधा लिव्हर आपल्या हँडलच्या नळीवर बसते, माप तेच हाय.

तारा रिंग हातात आल्यावरच घे. रिंग लहान झाली म्हणून जुन्या तारा लांब पडतात, निपलच्या बाहेर टोक निघून ट्यूबमधी घुसते. जो चाक गुंफणार त्याले हब आणि रिंग दोन्ही दाखव, तो मोजून सांगन. आणि ट्यूब मोटरसायकलसारख्या वॉल्व्हची घेजो. आपल्या जुन्या रबरी नळीच्या वॉल्व्हमधी मीटर लावून हवा मोजता येत नाई, आणि रुंद टायरची सगळी मजा बरोबर हवेत हाय. तू साठपासष्ट किलोचा असशील तर पुढं तीस ते पस्तीस पुरे.

शाळेच्या_वाटेवर (मेहकर)

फक्त पुढचं चाक, हे मला तेव्हा सुचलं असतं तर! बाबांचं मागचं चाक मी अजून माळ्यावर ठेवलंय. दादा, तुमच्याकडे सराटे असतील तर नव्या टायरच्या आतून जुन्या ट्यूबची पट्टी कापून घाला, काटे अर्धे तिथंच थांबतात. बाभळीच्या काट्याला मात्र काही इलाज नाही.

पांदनवाट

मंडळी, तीन आठवड्यांनी सांगून राहिलो कारण रिंग अमरावतीहून मागवावी लागली आणि मधात सोयाबीनची सोंगणी आली.

पुढचं चाक तयार झालं. आमच्या गावच्या मेस्त्रीनं गुंफलं, त्याले म्हटलं दारव्ह्याच्या एका दादानं सांगितलं का हब जुनंच ठेव, तर तो म्हणे बरोबर हाय, हे हब अजून दोन पिढ्या जाईन. तारा जुन्यापेक्षा लहानच लागल्या. आउट (चाकाचा वाकडेपणा) काढाले त्यानं अर्धा तास घेतला, चाक फिरवून खडू धरून पाहे, कुठं लागते तिथं थांबे. कॅलिपरचं माप ८१ निघालं, दुकानात तीन कॅलिपर पट्टी लावून पाह्यले तेव्हा तिसरा जमला, दुकानदार वैतागला पण मी सोडलं नाई.

पह्यल्या दिवशी हवा पन्नास भरली होती, काही फरकच वाटेना, उलट उड्या मारे. मंग बत्तीसवर आणली आणि नाल्याजवळच्या रेतीतून गेलो तर हँडल हातात राह्यलं. पूर्ण नाई, जिथं रेती गुडघाभर साचली तिथं उतरावंच लागते, पण पह्यले जिथं हमखास वळे तिथून सरळ निघालो. गिट्टीवरही मनगटाले कमी लागते. परवा अवकाळी पाऊस आला, भिजत येतानी गावाजवळच्या उतारावर ब्रेक दाबला, मागचा रॉडवाला नेहमीसारखा घसरला आणि पुढच्यानं धरलं. बाबा रस्त्यात उभे होते, त्याइनं पाह्यलं, काही बोलले नाई, घरी येऊन चाकाले हात लावून फिरवून पाह्यलं बराच वेळ.

मडगार्डमधी थोडी माती भरली, चाक थांबलं नाई. जुनं पुढचं चाक, रॉड, लिव्हर, सगळं तेल लावून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलं.

दादा, एकच विचारतो, चढावर आणि ओल्या वावरात मागं फ्रीव्हील अठराचं हाय ते जड जाते, वीस दात्यांचं टाकलं तर चेन पुरन का?

तारा_ताणणारा (दारव्हा)

पुरन. दोन दाते वाढले तर एक्सल खाचेत थोडा पुढं सरकते, पुढं तेवढी जागा हाय का ते पाय. नाई पुरली तर एक जोडी कडी वाढव. जुनं फ्रीव्हील सोडवाले दोन खाचांचा काढणा लागते, छिन्नी लावून ठोकू नको, हबचे आटे जातात. मेस्त्रीकडूनच काढून घे. आणि बाबाइले माह्या नमस्कार सांगजो.